यजमानाचं पान

मुळशी धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टवर निषाद कॉम्प्युटर सांभाळायला लागला, तेव्हाच ठरवून होता की ही नोकरी टिकवायची. हिंजवडीतल्या दोन गेल्या होत्या, आणि सासऱ्यांनी आता विचारणंही सोडलं होतं.

मालक हैबतराव. त्यांच्या एकुलत्या एका सर्व्हरच्या पोटात निषादने तीन आभासी मशीन, म्हणजे एकाच कॉम्प्युटरच्या जिवावर चालणारे तीन कॉम्प्युटर, बसवली होती: एक बुकिंगचं, एक खोल्यांच्या कार्डवाल्या कुलपांचं, एक व्हिडिओचं. प्रत्येकाला मेमरीची मर्यादा घालावी, थोडी मूळ सर्व्हरसाठी राखावी, हे त्याने मालकांना कळेल अशा भाषेत सांगितलं होतं. "साहेब, ही तिघं पाहुणे. यजमानाचं पान आधी बाजूला काढून ठेवायला हवं."

"हैबतरावाच्या दारात पावण्याला माप? यजमान मागनं जेवतो."

आज त्यांच्याच मुलीचं, मोनालीचं लग्न. वरपक्षाने मोठ्या पडद्यासाठी ड्रोनचं चित्रण व्हिडिओच्या मशीनवर चढवलं. त्या पाहुण्याने सगळी मेमरी खाल्ली, यजमान उपाशी पडला, सर्व्हर गोठला. कुलपं कार्ड ओळखेनात. हळदीने पिवळी झालेली नवरी बाहेर, शालू खोलीत, मुहूर्त तोंडावर. जुन्या चाव्या सर्व्हरच्या खोलीत सुरक्षित होत्या. त्या खोलीच्या पोलादी दाराला कुलूप तसलंच. दार निषादनेच हट्टाने बसवून घेतलेलं.

भिवाजी माळ्याने पहार घातली. पहार वाकली.

"दार लई चांगलं हाय," तो म्हणाला.

आता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला बाहेरून वीज तोडायची आणि आतली बॅटरी मरेपर्यंत थांबायचं. बॅटरीही निषादने चांगलीच निवडली होती.

"दादा, अजून किती?" मोनालीने विचारलं.

"संपत आलीय." तो बॅटरीबद्दल बोलत होता.

अखेर आतली घरघर थांबली. वीज जोडली. सर्व्हर उठला की तिन्ही पाहुणे पुन्हा ताटावर बसणार; तेवढ्या फटीत निषादने लॅपटॉपवरून व्हिडिओच्या मशीनला मर्यादा घातली.

"सोयऱ्यांचा व्हिडिओ हाय, जरा सैल सोड," मागून हैबतराव म्हणाले.

त्याने सोडलं नाही. कुलपं उघडली, मोनाली शालूकडे धावली, मुहूर्त कसाबसा गाठला. पडद्यावर मात्र माप पडलेल्या व्हिडिओतला नवरदेव होडीतून उतरता उतरता अडकला, एक पाय हवेत, तोंड उघडं. मंगलाष्टकं संपली तरी उतरला नाही. विहीणबाई पडद्याकडे पाठ करून बसल्या.

पंगतीच्या वेळी हैबतराव निषादजवळ आले. आवाज मऊ होता.

"उद्यापासनं येऊ नका, निषादराव." त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "बसा. सावकाश जेवा. पावण्याला आमच्याकडं माप न्हाई."