निबंधाचं शेपूट

आमच्या प्रयोगशाळेत शोधनिबंधाच्या शेवटच्या वाक्याला शेपूट म्हणतात. आत तुम्ही काहीही मोजलेलं असो, शेवटी माणसाच्या आरोग्याबद्दल एक आशादायक वाक्य चिकटवायचं, नाहीतर निबंध भुंडा दिसतो. मी द्राक्षांच्या बियांवर काम केलं. रसाच्या कारखान्यातून चोथा आणायचा, बिया धुऊन वाळवायच्या, दळायच्या, त्यांचा अर्क काढायचा आणि तो जांभळ्या द्रावणात मिसळायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका जांभळा रंग उडतो. हे सगळं काचेच्या नळीत. माणूस सोडा, आमच्या दारात उंदीरसुद्धा फिरकला नव्हता. तरी विभागप्रमुखांनी विचारलं, "शेपूट लावलंस का?" आणि मी चहा पिता पिता लिहून टाकलं, 'ही पूड कर्करोगाला आळा घालण्यास उपयुक्त ठरू शकेल.'

दहा वर्षांत बाराशेहून जास्त निबंधांनी माझ्या त्या निबंधाचा संदर्भ दिला. विभागात मला 'बाराशेबाई' म्हणू लागले. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण खरी मिरवली ती ताई. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, एका शाळेत ग्रंथपाल. आई गेल्यावर माझ्या वेण्या तिनेच घातल्या, पाढे तिनेच पाठ करून घेतले. कुणी माझ्या निबंधाचा हवाला दिला की ती तो शोधायची, छापायची, भोकं पाडून फायलीला लावायची. शास्त्रातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण जिथे माझं नाव यायचं तिथे पेन्सिलीची रेघ असायचीच.

"आज आणखी तीन गं," ती फोनवर सांगायची.

"ताई, तुला दुसरे उद्योग नाहीत का?"

"आहेत की. पण त्यांत तू नसतेस."

परवा ती शाळेतच कंबर धरून खाली बसली. भावोजींनी तिला इस्पितळात नेलं आणि मला बोलावून घेतलं. छातीत गाठ होती, आणि तिथून आजार हाडांत आणि यकृतात पसरला होता. डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "आठ महिन्यांपूर्वीच ही गाठ त्यांच्या हाताला लागली होती म्हणे. तेव्हाच आल्या असत्या, तर बहुतेक ऑपरेशनवर भागलं असतं. आता त्रास कमी करणं, एवढंच आपल्या हातात आहे."

माझं डोकं फिरलं. तरातरा खोलीत जाऊन मी आजारी माणसावर ओरडले. "आठ महिने तोंडाला कुलूप लावलं होतंस का?"

"ओरडू नकोस, शेजारची बाई झोपलीय," ताई म्हणाली. "उपचार चालूच होते माझे. द्राक्षाच्या बियांची पूड, रोज दोन चमचे. बाजारात मिळते, डब्यावर तुझ्या निबंधाचं नाव छापलंय."

तिला वाटलं, मी अजून रागावलेलीच आहे.

"अगं, फक्त तुझ्यावर विसंबून नाही घेतली. तू पडलीस माझी बहीण, तुझं मला सगळंच खरं वाटणार. म्हणून बाकीच्यांचंही वाचलं. एक्केचाळीस जणांनी तेच लिहिलंय. एवढी शिकलेली माणसं चुकतील का?"

फाईल तिच्या शाळेच्या पिशवीतच होती. मी एकेक कागद उलटत गेले. एक्केचाळीस वाक्यं, प्रत्येकाखाली तिची रेघ, आणि प्रत्येकाच्या शेवटी संदर्भाचा बारीक आकडा. कुठलाही आकडा धरून मागे गेलं, की वाट माझ्याच निबंधाशी येऊन थांबायची. एकाने माझं घेतलं होतं, दुसऱ्याने त्याचं, तिसऱ्याने दोघांचं. माणसांवर तपासून पाहिलेलं असं एकही नव्हतं.

तिच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. "ताई, हे कुणीच तपासलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"एकानेही?"

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"सगळेच लिहितात."

तिने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. लहानपणी देत असे. आता ती नुसती भिंतीकडे बघत राहिली, आणि ते बघणं संपेचना. मी फाईल मांडीवर घेऊन रडत बसले.

तेवढ्यात भावोजी आत आले. त्यांनाही डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं असावं. एरवी हा माणूस आवाज चढवत नाही, पण पलंगाचा दांडा धरून ते जवळजवळ किंचाळले, "आठ महिने! तुला थांबायला सांगितलं तरी कुणी?"

मी तोंड उघडलं. ताईने माझं मनगट धरलं, सलाईन लावलेल्या हाताने, चांगलं घट्ट.

"कुणी कशाला सांगेल? ऑपरेशनची भीती वाटली मला," ती म्हणाली. "हिला कळलं असतं तर हिने फरफटत आणलं असतं. म्हणून हिच्यापासूनही लपवलं."

भावोजी मटकन स्टुलावर बसले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला सांगायला हवं होतं गं तिने," ते म्हणाले. "तुझं तिने नक्की ऐकलं असतं. तुझा शब्द तिने कधी खाली पडू दिला नाही."

ताईने मनगट सोडलं नाही. आणि मी गप्प राहिले.