एका घराची एक फणी

थोरलीच्या घरात फणी एकच. "ज्याला वेगळी हवी, त्याने चूलही वेगळी मांडावी," हा तिचा कायदा. तिचा धाकटा लेक दगडखाणीत सुरुंग भरायचा. घरी आला की त्याच फणीने डोक्यातली धूळ काढायचा. मग थोरली अंबाडा घालायची, आणि शेवटी मोठ्या लेकाची बायको, घरातली सून, वेणी.

आता सून कोठडीत होती. ती झाडलोट करायची त्या गोदामात स्फोट होऊन रखवालदार गेला आणि तिच्या केसांत स्फोटकाचा अंश सापडला.

पोलीस घर तपासायला येणार म्हटल्यावर परक्यांना मळ दिसू नये म्हणून थोरलीने घर लख्ख घासलं. फणीसुद्धा, उकळत्या सोड्याच्या पाण्यात.

पोलिसांसोबत आलेल्या प्रयोगशाळेतल्या बाईने फणी तपासून मान हलवली. "आजी, हिच्यावर काहीच उरलं नाही."

"उरेल कसं? माझ्या हातची आहे!" थोरली ठसक्यात म्हणाली.

"हीच फणी तुमच्या सुनेला सोडवणार होती. दिराच्या डोक्यातून फणीत, फणीतून तिच्या केसांत. आता तोंडी सांगून कोण ऐकणार?"

थोरलीने फणी उचलून उजेडात धरली.

"माझे केस बघा ना," धाकटा म्हणाला.

"तुझ्यात सापडणारच, शहाण्या!" थोरली खेकसली. "मग म्हणतील, दीर-भावजयीने मिळून उडवलं. अहो बाई, ती वेंधळी आहे. समोर दूध उतू गेलं तरी तिला कळत नाही, ती काय गोदाम उडवणार!"

बाईने नमुन्यांची पाकिटं आवरायला घेतली.

"थांबा. केसांतून जातं का हो ते?"

"सहजी नाही. रुतून बसतं."

सुनेला नेल्यापासून थोरलीने डोक्याला पाणी लावलं नव्हतं. तिचा हात अंबाड्याकडे गेला.

"मग माझे घ्या. खाणीत मी पाऊल ठेवलं नाही, गोदाम पाहिलं नाही. माझ्यात सापडलं तर ते फणीशिवाय आलं कुठून?"

"सापडलं तर आधी तुम्हालाही आत घेतील, आजी. आणि नाही सापडलं, तर सुनेचा शेवटचा आधार गेला. विचार करा."

"केला."

तिने आकडे काढले. अंबाड्यातून जाडजूड गंगावन सुटून मांडीवर पडलं. खाली उरली शेपटीएवढी पांढरी बट. ज्या केसांचा तोरा तिने गल्लीभर मिरवला, ते असे होते. धाकट्याने मान फिरवली.

"मान काय फिरवतोस? हेही दे त्यांना."

बाईने हातमोजे घातले, नव्या फणीच्या दातांत कापूस बसवला आणि विंचरायला लागली.

"मुळापासून ओढ गं. दुखलं तर दुखू दे."

जिने उभ्या जन्मात आपल्या घरात उवेचं नाव निघू दिलं नव्हतं, ती डोळे घट्ट मिटून एकच मागत होती: निघू दे, माझ्या डोक्यात घाण निघू दे.