आत माणूस, बाहेर माणूस

शीतगृहाच्या जाड दारावर आतून दोनदा टकटक झाली, तसा येसाजी मिस्त्रींनी खटका ओढला. दाराबरोबर पांढऱ्या वाफेचा लोट बाहेर आला आणि त्या वाफेतून कस्तुरी आली. पायात लोकरीचे मोजे, त्यावर चपला, अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, आणि या सगळ्यावरून साडीचा पदर नीट खोचलेला.

"सात मिनिटं," येसाजी घड्याळ बघत म्हणाले. "मागच्या ऐतवारी पाचच झाली होती. पास!"

"पास कसलं ओ? दात वाजाय लागलेत माझे. तुमचं ते आळसका काय मला झेपतंय असं वाटंना."

"अलास्का."

"तेच की. आळस का?"

हा विनोद तिने जानेवारीत पहिल्यांदा केला होता आणि तेव्हापासून दर रविवारी ती तो नव्याने करत होती. येसाजीही दर रविवारी न चुकता चूक सुधारायचे. संसाराला तेहतीस वर्षं झाली की नवे विनोद लागत नाहीत.

यशवंतपूरच्या घाऊक बाजाराला लागून ते शीतगृह होतं. एका खोलीत बटाटे, दुसरीत सफरचंदं, आणि शेवटच्या, सर्वांत थंड खोलीत आइस्क्रीमचे खोके. येसाजी विशीत निपाणीहून बेंगळूरला आले ते या यंत्रांच्या हाताखाली, आणि पुढे यंत्रं त्यांच्या हाताखाली आली. थंडी तयार करणं हा त्यांचा धंदा. घरच्या फ्रिजचं दार मात्र सुतळीने बांधलेलं होतं, कारण दुसऱ्यांची यंत्रं नीट करण्यातून घरच्या यंत्राकडे बघायला त्यांना सवड झाली नव्हती. कस्तुरी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दाखवायची.

शीतगृहाचा एकच नियम येसाजी देवाच्या आरतीसारखा पाळत. आत माणूस, बाहेर माणूस. आत एक जण गेला की बाहेर एकाने दाराशी उभं राहायचं, पाणी प्यायलासुद्धा हलायचं नाही. आतल्याने दोनदा वाजवलं की हातातलं काम टाकून दार उघडायचं. तीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता.

अलास्काचं खूळ काढलं ते मुलाने. शार्दूल तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीवर सिएटलला गेला, तो अजून एकदाही परत आला नव्हता. दिवाळीत त्याने एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक पाठवलं. "तुम्ही दोघं जूनमध्ये इकडे या. इथून जहाजाने अलास्काला जाऊ. हिमनद्या समुद्राला मिळतात तिथे. अस्वलं, देवमासे, सगळं दिसतं." सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की तिथला बर्फ निळा असतो. हजारो वर्षं दाबला जाऊन त्यातली हवा निघून जाते म्हणून.

हे वाचल्यापासून येसाजींचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. लादीत हवा अडकली की बर्फ पांढरा दिसतो आणि हवा गेली की काचेसारखा होतो, हे त्यांना हातातल्या रेषांसारखं माहीत होतं. पण निळा? त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर, व्होल्टेज आणि मालकाची कटकट. आणि जगाच्या वरच्या टोकाला असा बर्फ होता, ज्याला मिस्त्रीच नव्हता. वीज गेली तरी तो राहत होता. तो एकदा डोळ्यांनी बघायचा, हात लावायचा, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं.

अडचण होती ती कस्तुरीची. तिला थंडी म्हणजे वैर. बेंगळूरची ती केवढी थंडी, पण दिवाळी सरली की तिचा स्वेटर निघायचा तो शिवरात्रीला पेटीत जायचा. म्हणून येसाजींनी ही तालीम काढली. रविवारी दुपारी काम नसताना आधी बटाट्यांच्या खोलीत, मग सफरचंदांच्या, मग आइस्क्रीमच्या. तिने आत येरझारा घालायच्या, त्यांनी बाहेर घड्याळ धरून उभं राहायचं.

संध्याकाळी ते रंगीत पुस्तक उघडून दोघं बसत. येसाजी इंग्रजी अक्षर-अक्षर लावून वाचत.

"हितं लिहिलंय, अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. मोठ्यानं बोलायचं. म्हणजे ह्यो माणूस आहे असं त्याला कळतंय."

"कुठल्या भाषेत बोलायचं पण?" कस्तुरीने भाजी निवडता निवडता विचारलं. "मराठीत का कन्नडात?"

"दोन्हीत बोल की."

"'स्वल्प सरी, जरा सरक' म्हटल्यावर बाजूला झालं तर बरं. यशवंतपूरच्या बसमध्ये तर माणसंबी होत न्हाईत."

येसाजींना हसू आवरेना. पण त्यांना एक गोष्ट आतून ठाऊक होती. कस्तुरीला बर्फाचं काही नव्हतं, आणि अस्वलाचंही नव्हतं. तिला पोरगा बघायचा होता. त्याच्यापर्यंत जायच्या वाटेत बर्फ आला होता, म्हणून ती तालमीला येत होती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तिने आइस्क्रीमच्या खोलीत वीस मिनिटं काढली. दार वाजलं, उघडलं, आणि ती बाहेर आली तेव्हा भुवयांवर बारीक पांढरं चढलं होतं. येसाजींनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात चोळले. मद्रासला जाऊन व्हिसा आणला होता, तीन जूनची तिकिटं आली होती आणि आता बायकोही पास झाली होती. इतका आनंद त्यांना शार्दूल इंजिनियर झाला तेव्हाही झाला नव्हता.

घरी जाताना वाटेत मराठी समाजाच्या हॉलवर थांबायचं होतं, तिथल्या पेटीचा गॅस बघायला. ही पेटी येसाजींच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी समाजातल्या विद्याताईंचे यजमान गेले, तेव्हा मुलगा शिकागोहून येईपर्यंत मयताभोवती बर्फाच्या लाद्या रचाव्या लागल्या आणि घरभर पाणी झालं. हल्ली घरटी एक मुलगा परदेशात. म्हणून येसाजींनी आइस्क्रीमच्या एका जुन्या डीप फ्रीझरला माणसाच्या लांबीचं केलं, वर काचेचं झाकण आणि खटका बसवला आणि पेटी समाजाला दिली. सगळ्यांनी नावाजलं. एकच खोट राहिली होती. कॉम्प्रेसरच्या खालची एक स्प्रिंग दुसऱ्याच मशीनची, बोटभर आखूड होती. त्यामुळे मशीन बंद होताना धक्का खाऊन पत्र्यावर दोनदा वाजायचं. टक, टक. समाजाचा सेक्रेटरी गुंडो, त्यांचा निपाणीचा शाळासोबती, प्रत्येक वेळी म्हणायचा, "अण्णा, ती स्प्रिंग तेवढी बदला ओ. माणसं दचकत्यात." येसाजी "सरी, सरी" म्हणत मान डोलवायचे आणि राहून जायचं.

त्या दिवशी कस्तुरी पेटीकडे बघत उभी राहिली. अजून तिच्या अंगातला गारठा गेला नव्हता.

"मला न्हाई हं घालायचं ह्यात," ती म्हणाली. "मी गेले की त्याच दिवशी उरकायचं. कुणाची वाट बघायची न्हाई. जित्तेपणी तुमच्यासाठी थंडीत बसले ते पुरे झालं."

"बरं."

"बरं न्हवे. वचन द्या."

येसाजींनी स्क्रू-ड्रायव्हर डाव्या हातात घेतला आणि उजवा हात तिच्या हातावर ठेवला. असली वचनं नवरे देतात तशीच त्यांनी दिली, घरी जाऊन चहा प्यायच्या घाईत.

निघायला बावीस दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी येसाजी दाढी करत असताना मागच्या अंगणातून शेजारच्या यल्लव्वाची धावत या म्हणून हाक आली. "अण्णा, ओडी बन्नी! ओडी बन्नी!" ते तसेच साबणाच्या तोंडाने धावले. कस्तुरी धुण्याच्या दगडापाशी पडली होती. हातात शार्दूलचा जुना, अलास्काला जाताना गुंडाळायला काढलेला मफलर होता, अर्धा पिळलेला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, म्हणाले. येसाजींनी विचारलं, "थंडीनं झालं काय, साहेब? मी तिला थंडीत बसवत होतो." डॉक्टर म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. येसाजींनी परत विचारलं. डॉक्टरांनी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि येसाजींचा त्या हातावर विश्वास बसला नाही. पुढे कधीच बसला नाही.

गुंडो तासाभरात आला. डोळे पुसून म्हणाला, "अण्णा, पेटी आणाय टेम्पो लावतो."

"नको."

"नको कसं? पोरगं येईस्तोवर..."

"नको म्हटलं न्हवे? आज संध्याकाळी उरकायचं. तिला मी शब्द दिलाय."

एवढ्यात फोन वाजला. यल्लव्वाच्या मुलीने शार्दूलला कळवलं होतं, त्याचाच उलट फोन.

"बाबा, मी निघतोय. तिकीट मिळालंय. गुरुवारी सकाळी पोचतो. थांबाल ना?"

येसाजी गालावरचा वाळलेला साबण नखाने खरवडत राहिले.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"शार्दूल, तिनं वचन घेतलंय माझ्याकडनं."

"कसलं वचन?"

पेटीचं नाव येसाजींच्या तोंडून निघेना. तिकडून मुलाचा आवाज फुटला. सव्वीस वर्षांचा बाप्या, पण आवाज पहिलीतल्या पोराचा. "बाबा, तीन वर्षं झाली मी आईला बघितलं नाही. एकदा बघू द्या ना मला. फक्त एकदा."

येसाजींनी फोन कानापासून थोडा दूर धरला. ओसरीवर कस्तुरीला निजवलं होतं. हा फोन तिने घेतला असता तर ती काय म्हणाली असती, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ती म्हणाली असती, ये बाळा, मी थांबते. त्याच्यासाठी तर ती उणे अठरात वीस मिनिटं चालली होती.

"ये," ते म्हणाले. "थांबतोय आमी."

मग गुंडोकडे न बघता म्हणाले, "आण."

पेटी आली. दुसऱ्यांच्या वेळी येसाजी थंडीचा काटा दोन अंशांवर लावत आणि निघून येत. आज ते काट्याच्या स्क्रूपाशी बराच वेळ उकिडवे बसून राहिले. शेवटी चारवर लावला, तेवढीच थंडी कमी. त्याच्यावर गेलं तर गुरुवारपर्यंत निभणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मग आत जाऊन त्यांनी ते लोकरीचे मोजे आणले आणि कस्तुरीच्या पायात चढवले, टाचा नीट जागेवर बसवून.

"अण्णा," गुंडो हळूच म्हणाला, "मयताला मोजे घालत न्हाईत ओ. लोकं काय म्हणतील?"

"इरली बिडी," यल्लव्वा पदराने नाक पुसत त्याला म्हणाली. असू दे, सोडा.

बुधवारी दिवसभर माणसं येत राहिली, काचेतून बघून जात राहिली. येसाजी पेटीच्या उशाशी खुर्ची टाकून बसले होते. यल्लव्वाने आणलेला भात तसाच वाळला. दुपारी माणसांची ये-जा थोडी थांबली. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, खिडकीतून ते पेटीच्या पायाशी आलं होतं. गुंडो जवळ येऊन बसला.

"स्वल्प पडा की, अण्णा. कालपासनं डोळ्याला डोळा न्हाई तुमच्या. मी बसतो हितं."

"आत माणूस, बाहेर माणूस," येसाजी म्हणाले.

गुंडोला ते कळलं नाही. झोप नसल्यामुळे बोलतात असं त्याला वाटलं. तो तिथेच बसून राहिला. पेटीचं यंत्र एकसुरात घरघरत होतं. येसाजींच्या मनगटावर तेच घड्याळ होतं, आणि ते अधूनमधून त्यात बघत होते. शार्दूल अजून कुठल्या तरी समुद्रावर असेल.

मेच्या उकाड्यात कालपासून सारखं चाललेलं यंत्र, आतली थंडी चारला आली तसं, पहिल्यांदाच आपोआप बंद पडलं.

टक, टक.

येसाजी ताडकन उठले.

"अण्णा, बसा," गुंडोने त्यांचा दंड धरला. "मशीन ओ ते. तुमचीच स्प्रिंग."

"माहीत आहे मला," येसाजी म्हणाले, आणि त्यांनी खटका ओढला.