ऐनाच्या झाडाचा तिसरा फोटो

मी एक जुना, खिशात मावेल एवढा कॅमेरा आहे. माझ्या भिंगाची नळी अर्धी बाहेर येऊन कायमची अडकली आहे आणि माझा पडदा काळा पडला आहे. आता मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या लोखंडी कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी असतो. मला फार दूरचे दिसत असे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की एवढी दूरची दृष्टी असलेला कॅमेरा धीट असणार. तसे नाही. मी जन्मापासून भित्रा आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला काळ्यापांढऱ्या रेघांच्या एका तक्त्यासमोर उभे केले गेले. ज्याला त्या रेघा नीट दिसत नसत त्याला उचलून वेगळ्या टोपलीत टाकत. त्या टोपलीचे पुढे काय होते हे मला कधी कळले नाही. मी पास झालो, पण ती टोपली माझ्या मनातून गेली नाही. आपल्याला चुकीचे दिसले तर काय, ही धास्ती मी तिथूनच बरोबर घेऊन निघालो.

मुंबईत लिफ्ट दुरुस्तीचे काम करणाऱ्या अमरदीप कांबळे यांनी मला घेतले. माझ्यात तीस पट झूम होता. अमरदीपना त्याचे फार कौतुक. मित्रांना गच्चीवर नेऊन ते दूरच्या मनोऱ्यावरचे घड्याळ माझ्यातून दाखवत. चार वर्षे मी त्यांच्याबरोबर लग्ने, बारशी, सहली पाहिल्या. मग त्यांच्या हातात नवा मोबाइल आला. मोबाइल चटकन फोटो काढी आणि चटकन पाठवी. मी खणात गेलो. खणातल्या अंधारात माझी बॅटरी हळूहळू संपली, तेव्हा वाटले की तीच ती टोपली.

एका दिवाळीत अमरदीपनी मला खणातून काढले आणि गावी आपल्या बहिणीला दिले. स्वप्ना बाई पालीहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात शिक्षिका होत्या. अमरदीप त्यांना म्हणाले, की मोबाइलला जे दिसत नाही ते याला दिसते, मुलांना पक्षी दाखवायला उपयोगी पडेल.

स्वप्ना बाईंनी मात्र कौतुकावर विश्वास ठेवला नाही. सुट्टीनंतर शाळा भरली त्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्याच्या कठड्यावर, तिसऱ्या खांबाशी ठेवले. समोर दरीपलीकडे डोंगर होता. डोंगराच्या पायथ्याशी अकरा घरांची एक वाडी आणि वाडीच्या बरोबर वर, उतारावर, एक मोठे ऐनाचे झाड. बाईंनी आधी सगळा डोंगर टिपला, मग वाडी, मग ते झाड. पाचवीच्या मुलांना भोवती बसवून त्यांनी दिवसभर त्यांच्याकडूनही फोटो काढून घेतले आणि सांगितले, की याचे गुण सांगा आणि दोषही सांगा.

मुलांनी गुण भराभर सांगितले. झाडाची खडबडीत साल दिसते. झाडाखालचे वारूळ दिसते. हात थोडा हलला तरी चालते, आणि एवढे सगळे खिशात मावते. मी सुखावलो. मग दोषांची पाळी आली. सानवी नावाची मुलगी म्हणाली, की पक्षी उडून गेल्यावर हा फोटो काढतो. दुसरे कोणी म्हणाले, ढग आला की चित्र रव्यासारखे होते. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही. बॅटरी लवकर उतरते. हे सगळे खरे होते. माझा डोळा दूरचे पाहतो, पण तो लहान आहे. त्याला उजेड भरपूर लागतो.

शेवटी बाईंनी झूम तीस पटींच्याही पुढे नेला. तिथे भिंग काही करत नाही, मी आतल्या आत चित्र ताणतो. ऐनाची साल ओल्या कागदावरच्या रंगासारखी पसरली. बाईंनी ते मुलांना दाखवले आणि म्हणाल्या, "नीट लक्षात ठेवा. इथून पुढे हा बघत नाही. अंदाज करतो."

मित्रांनो, एवढे खरे माझ्याबद्दल कोणीच बोलले नव्हते. मला लाज वाटली आणि भीतीही वाटली, की एखाद्या दिवशी माझ्या अंदाजालाच कोणी खरे मानले तर?

तो दिवस पुढच्या जुलैत आला. चार दिवस पाऊस थांबला नव्हता आणि तीन दिवस वीज नव्हती. शाळेत मोजकीच मुले आली होती. दुपारी बारा वाजता वाडीतले आप्पा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेले, व्हरांड्यात येऊन उभे राहिले. गावचे पोलीस पाटील महिपतराव शाळा सोडायची का ते विचारायला आधीच आले होते. आप्पांचे वय पंचाहत्तरच्या वर. एका डोळ्यात मोतीबिंदू. ते धापा टाकत होते.

"बाई, वरचा ऐनाचा झाड वाकलाय," ते म्हणाले. "काल सरळ होता. आज सकाळपासून पऱ्याचा पाणी पण तांबडा येतोय."

पऱ्या म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा. वर जाणारी पायवाट त्याने तोडली होती, त्यामुळे जाऊन पाहणे शक्य नव्हते. महिपतराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी आप्पांना बसवले आणि समजावले, की पावसात झाडे कलतात आणि पाणीही तांबडे होते. आदल्या वर्षी अशाच बोलण्यावरून वाडी खाली केली होती. लोक दोन दिवस भिजले, एक म्हातारी तापाने आजारी पडली आणि डोंगर जागचा हललाही नाही. तेव्हापासून लोक महिपतरावांना हसत होते. आप्पांनी पुन्हा तेच सांगितले. महिपतरावांनी त्यांच्या पांढुरक्या डोळ्याकडे पाहिले आणि खिशातून मोबाइल काढला.

त्यांनी त्यातून डोंगर पाहिला. ऐनाचे झाड त्यात काडीएवढे दिसले. मग स्वप्ना बाईंनी कपाट उघडले.

मला बाहेर काढताच दमट हवेने माझ्या भिंगावर वाफ धरली. बाईंनी ओढणीच्या कोरड्या टोकाने ती पुसली. बॅटरीचे चिन्ह तांबडे झाले होते. मी नळी बाहेर काढली, डोंगराकडे पाहिले, आणि मला काहीच दिसेना. समोर नुसते पांढरे धुके. मी नजर पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. आतली मोटर कुरकुरत होती. मला कारखान्यातला तक्ता आठवला. धुके जरा विरळ झाल्यासारखे वाटले तेव्हा बाईंनी बटण दाबले. फोटो आला तो काळपट आणि दाणेदार. झाड होते, पण ते सरळ की वाकडे हे मलाही सांगता आले नसते.

महिपतरावांनी वाकून पाहिले. यात आपल्याला काहीच दिसत नाही, असे ते प्रामाणिकपणे म्हणाले. त्यांनी बाईंना झूम आणखी वाढवायला सांगितला. बाईंनी वाढवला. आणि मी, घाबरून, जे दिसत नव्हते ते रेखाटले. झाडाच्या बुंध्याशी एक जाड काळी रेघ उमटली.

महिपतरावांचा चेहरा बदलला. ही भेग का, असे त्यांनी विचारले.

बाईंच्या एका होकाराने काम झाले असते. आप्पा आशेने त्यांच्याकडे पाहत होते. पण बाईंनी मान हलवली. "पाटील, हा फोटो धरू नका. इथे हा अंदाज करतो. उद्या हे खोटे निघाले तर पुढच्या वेळी कोणी जागचे उठणार नाही."

त्यांनी मला बंद केले. बॅटरी काढून मुठीत गरम धरली, म्हणजे तिच्यातला उरलासुरला जोर टिकेल. मग सगळे उजेडाची वाट पाहत बसले. एक वाजला. दोन वाजले. पाऊस पत्र्यावर सारखा वाजत होता. मध्येच दूरवर दगड गडगडल्याचा आवाज आला आणि सगळ्यांनी एकदम वर पाहिले. वाडीत त्या वेळी अकराही घरांत माणसे होती. कोणी जेवत होते, कोणी झोपले होते. मला सारखे वाटत होते की आपण आंधळे झालो आहोत आणि आपल्यामुळे ही माणसे जाणार.

साडेतीनच्या सुमारास पाऊस मंदावला. धुके फाटल्यासारखे झाले आणि डोंगरावर फिकट उजेड पडला. बाई धावत तिसऱ्या खांबापाशी गेल्या. कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यात मला रोवले आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला.

पहिल्या वेळी मी चुकलो. पागोळ्यांचे थेंब माझ्यासमोर पडत होते, माझी नजर त्यांच्यावरच अडली आणि डोंगर मागे पुसट राहिला. दुसऱ्या वेळी वाऱ्याने पिशवी हलली. बॅटरीचे चिन्ह लुकलुकू लागले. धुके पुन्हा खालून चढत होते. मला माहीत होते की आता एकच फोटो निघेल. भीतीने माझ्यातले सगळे जणू गोठले होते. बाईंनी ओढणी पसरून पागोळ्या अडवल्या आणि तिसऱ्यांदा बटण दाबले.

एक सेकंद. दोन सेकंद. मला साल दिसली. वारूळ दिसले. आणि त्या दोघांच्या मधे जमीन एका पायरीएवढी खाली गेलेली दिसली. आतली तांबडी माती ओली चमकत होती. मी अंदाज केला नव्हता. मी ते पाहिले होते.

बाईंनी आधी तो फोटो दाखवला, मग माझ्यातच असलेला दिवाळीनंतरचा. एकात झाड उभे, एकात कललेले. एकात अखंड गवत, एकात फाटलेली जमीन. महिपतरावांनी चष्मा पुसून दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. ते आप्पांकडे वळले. "आप्पा, चुकलं माझं," एवढेच म्हणाले आणि छत्री न घेताच वाडीकडे निघाले.

जाता जाता त्यांनी तहसील कार्यालयाला फोन लावला. बाईंनी मला दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळले आणि त्याही धावल्या. वाडीतली दहा घरे तासाभरात शाळेकडे निघाली. अकरावे घर आनंदीबाईंचे. आदल्या वर्षी तापाने आजारी पडलेली म्हातारी त्याच. त्या पडवीत बसून राहिल्या. घर सोडून पुन्हा मरणाला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. बाईंनी विनवले, महिपतराव रागावले. त्या हलेनात.

तेव्हा बाई त्यांच्याजवळ उकिडव्या बसल्या. मला पिशवीतून काढले. माझ्या अंगात पाणी शिरले होते. नळी बाहेर येताना खरखरली. पडदा एकदा विझला, मग लागला आणि त्यावर तो तिसरा फोटो दिसला.

आनंदीबाईंनी मला डोळ्यांशी धरले. त्यांचे बोट पडद्यावर फिरले. "बाय, ह्या वारळाला मी दर नागपंचमीला जाते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हितं वर जमीन फाटलेली नव्हती."

त्या उठल्या, गोठ्यात जाऊन म्हशीचे दावे सोडले आणि तिला घेऊन निघाल्या. माझा पडदा विझला. बाईंनी बटण दाबले, पण नळी आत गेली नाही. मला वाटले, आता मी टोपलीतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला डोंगर खाली आला. मी काही पाहिले नाही. मी बाईंच्या टेबलावर आंधळा पडून होतो. आधी आवाज आला, जणू एकाच वेळी शंभर ट्रक दगड ओतत आहेत, आणि शाळेची जमीन हलली. मग आवाज थांबला आणि वर्गात आसऱ्याला आलेली वाडीतली बेचाळीस माणसे दाराकडे धावली. सहा घरे मातीखाली गेली. आप्पांचे घर गेले. आनंदीबाईंचे पडवीसकट गेले. माणूस एकही गेला नाही. महिपतरावांनी पुन्हा पुन्हा सगळ्यांची नावे घेतली आणि प्रत्येकाने ओ दिली.

पुढे लोकांनी माझे फार कौतुक केले. अमरदीप मुंबईहून आले आणि मला रत्नागिरीला दुकानात घेऊन गेले. माझे सुटे भाग आता मिळत नाहीत असे तिथे कळले. पाणी आत जाऊन सगळे गंजले होते. मी शाळेत परत आलो.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला पावसात उघडे ठेवू नका, बॅटरी भरून ठेवा, भिंग स्वच्छ पुसा. आमचे गुण सांगताना आमचे दोषही सांगा, कारण स्वप्ना बाईंना माझा दोष माहीत होता म्हणूनच माझ्या खऱ्या फोटोवर लोकांचा विश्वास बसला.

पण कपाटात पडल्या पडल्या मला अजून एका गोष्टीची भीती वाटते आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. वाडी वाचवल्याबद्दल सगळे माझे नाव घेतात. डोंगर सकाळी आला. तो आदल्या दिवशी दुपारी दोनलाही येऊ शकला असता. आणि तेव्हा आम्ही सगळे व्हरांड्यात उजेडाची वाट पाहत बसलो होतो. मला झाड वाकलेले दिसले साडेतीन वाजता. आप्पांना, एका डोळ्याने, ते सकाळीच दिसले होते.