सगुणा विहिरीतच उतरणार

मी एक वही बोलतेय. दुकानातली नव्हे. देवळाली प्रवरेच्या शाळेत नववीच्या मुलींनी जुन्या वह्यांतली उरलीसुरली कोरी पानं आणून दिली, त्यांच्या मनकर्णाबाईंनी ती दाभणानं शिवली आणि माझा जन्म झाला. माझी पानं एका मापाची नाहीत. नसू देत.

बाईंना तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहायची होती. वाचताना भूक विसरावी आणि जाता जाता पाण्याचं शास्त्रही कळावं, अशी. त्यांची रीत कडक होती. शनिवारी शेवटच्या तासाला मुलींना प्रकरण वाचून दाखवायचं. जिथं कुणी जांभई देईल, तिथं लाल पेन्सिलीनं काट. माझं अंग त्या काटांनी भरलंय.

साल बहात्तरचं, दुष्काळाचं. बाई पडल्या नगर शहरातल्या. त्यांनी लिहिलं, नायिका सगुणानं विहिरीत बादली सोडली आणि काठोकाठ भरून ओढली. वर्ग खो खो हसला.

"बाई, औंदा बादली बुडती कुठं?" वर्गातली लंका म्हणाली. "हलकी पोर दोरानं खाली सोडत्यात. ती वाटीनं पानी भरती. आमच्यात मीच उतरती की."

बाईंनी ते पान तिथंच फाडलं. नवी सगुणा दोराला धरून उतरली, झरे का आटले ते तिनं शोधून काढलं आणि गावाला ओढा अडवायला लावला. त्या शनिवारी एकही जांभई आली नाही.

बाईंनी कादंबरी उतरवून पुण्याच्या एका प्रकाशकाला धाडली होती, त्याचं पत्र आलं. छापतो म्हणाले, पण विहिरीत मुलगी उतरलेली शोभत नाही, तिथं मुलगा घाला. बाईंना छापील पुस्तकाची फार आस होती. त्या डळमळल्या. सगुणाचं नाव खोडून त्यांनी सुरेश लिहिलं. मला संताप आला, पण वहीला कोण विचारतंय?

शनिवारी त्यांनी तसंच वाचलं. लंका उभी राहिली. दोरानं तिचे तळहात सोलले होते.

"हिरीत म्या उतरायचं, आन् पुस्तकात त्यो?"

बाईंनी लाल पेन्सिल उचलली. सुरेशवर काट मारली आणि प्रकाशकाला पोस्टकार्ड लिहिलं: सगुणाच राहील.

उत्तर आलं नाही. मी छापली गेले नाही याचं बाईंना दुःख आहे, मलाही आहे. पण आम्ही वाकलो नाही. मुली मला पाळीपाळीनं घरी नेतात, उतरवून घेतात. तुम्हीही न्या. शाई सांडा, पानं दुमडा, चुलीपुढं बसून वाचा. फक्त सगुणाचं नाव खोडायला जाल, तर याद राखा.