जुमरियाचा मागचा खण

आमच्या गावात जमीन एकाची आणि तिच्यावरचं घर दुसऱ्याचं, असं बऱ्याच ठिकाणी आहे. घर लाकडी, उंच खांबांवर उभं, आणि खांब नुसते दगडावर टेकवलेले. जागा सोडायची वेळ आली की शुक्रवारच्या नमाजानंतर गावातले पुरुष जमतात, खांबांना आडवे बांबू बांधतात, खांदे लावतात आणि अख्खं घर उचलून नव्या जागी नेऊन ठेवतात. हे काम माझ्या शब्दावर चालतं, कारण मी घरं बांधणारा सुतार. नाव पावेलोई. लोक मला दाएंग म्हणतात, थोरला म्हणून.

जुमरियाचं घर मीच बांधलं होतं. आधी दोन खणी, पुढे तीन खणी, सोळा खांबांचं. तिचा नवरा तप्पा माझा दोस्त होता. ज्या वर्षी त्यांचा धाकटा रुस्तान जन्मला, त्या वर्षी मी मागचा खण वाढवून दिला. दोन्ही पोरं तिथेच झोपायची. पुढे तप्पा वारला, पोरं जहाजानं समुद्रापलीकडे तावाऊला पामतेलाच्या मळ्यांवर गेली. थोरल्या बाहारला जाऊन नऊ वर्षं झाली, रुस्तानला सहा. जुमरिया एकटी पुढच्या खणात बसून सरोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं कापड, विणायची.

जागा तप्पाच्या बहिणीची होती. ती होती तोवर कुणी काही बोललं नाही. ती वारली आणि मकास्सर शहरातून तिची मुलगी हासनिदार गाडी घेऊन आली. येताना केळ्यांची भजी आणली होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मामी, कसं सांगू तुम्हाला. आम्हाला इथे सिमेंटचं घर बांधायचंय."

जुमरिया म्हणाली, "बांध की. जागा तुझीच आहे."

"तुम्ही रागावलात."

"रागावून कुठे जाऊ? नदीकडे माझ्या आईची जागा आहे, तिथे घर नेते. सुगी होऊ दे, एवढंच."

हासनिदारने तिचे हात धरले आणि रडली. जुमरिया रडली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. "दाएंग, किती माणसं लागतील?"

"सोळा खांब, वर पत्रा. शंभर तरी."

"एवढी आहेत का गावात?"

 भात कापून झालं तशी ती आमंत्रणं करायला निघाली. आमच्याकडे अशा कामाचा निरोप पाठवून चालत नाही, स्वतः दारात जावं लागतं. आमचं गाव झालं, मग कालव्यापलीकडचं, मग मालवाहू गाडीत मागे उभी राहून डोंगराखालची दोन गावं. लग्नाला जावं तशी ती ठेवणीतला सरोंग नेसून गेली. प्रत्येक दारात बाईच पुढे यायची. नवरा मोरोवालीच्या खाणीत. मुलगा समुद्रापलीकडे नुनुकानला. जावई बोटीवर. बाजाराजवळची वेरो म्हातारी तर तिला म्हणाली, "पुरुष शोधतेस? मलाही एक हवाय. जास्तीचा सापडला तर इकडे पाठव!" हे सांगताना जुमरिया हसली. मग खाली बसून पायाचे तळवे चोळत राहिली.

शुक्रवारी तिने शंभर जणांचं रांधलं. मक्याची पेज, माशाचं कालवण, गुळाचे लाडू. नमाज सुटल्यावर मी माणसं मोजली. एक्केचाळीस. त्यातले नऊ माझ्याहून म्हातारे.

"आणखी येतील," जुमरिया जिन्यावरून म्हणाली.

आम्ही वाट पाहिली. कालवणावर पापुद्रा धरला. शेवटी मी मधल्या खांबापाशी जाऊन घराची परवानगी मागितली आणि आरोळी दिली. सगळ्यांनी खांदे लावले. पुढची बाजू वीतभर उचलली गेली, मागची तसूभरही हलली नाही. घर कण्हल्यासारखं करकरलं. आत कुठेतरी भांडं पडलं.

"ठेवा! ठेवा खाली!" मी ओरडलो.

दोनदा पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा त्या नऊ म्हाताऱ्यांतल्या लास्सेची पाठ धरली. तो घराखालूनच ओरडला, "जुमरिया, आत हत्ती बांधलाय काय गं?" सगळे हसले, पण खांदे काढून घेतले ते पुन्हा लावायचं कुणी नाव काढलं नाही. जेवून, खाली मान घालून माणसं गेली. उरलेलं तिने केळीच्या पानांत बांधून घरोघर पोचवलं.

संध्याकाळी मी जिन्यावर बसलो होतो. सांगायचं मलाच होतं.

"एक खण उतरवला तर चार खांब कमी होतील. पत्रा कमी होईल, तक्तपोशी कमी होईल. मग आहेत तेवढ्या माणसांनी उचलेल."

"कुठला खण?"

"पुढे जिना आहे. मधे मुख्य खांब आहे, घराचा जीव त्यात, त्याला हात लावता येत नाही."

"म्हणजे पोरांचा."

ती आत गेली आणि फोन घेऊन आली. बाहारला लावला. तिला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. तिने सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाली, "तुमची खोली आहे. विचारल्याशिवाय कशी काढू?"

पलीकडे यंत्राची घरघर होती. मग बाहार म्हणाला, "काढ ना, आई. त्यात काय विचारायचं?"

"तुम्ही आलात तर निजाल कुठे?"

"आई, माझी पोरं इथे शाळेत जातात. रुस्तानने इथलीच बायको केलीय. आम्ही आता कुठे यायचोय?" मग म्हणाला, "तूच ये इकडे. खरंच ये."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास का?"

तो जेवला होता. तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "उद्या सकाळी या, दाएंग."

चार दिवस लागले. तीस वर्षांत खुंट्या फुगून लाकडाशी एकजीव झाल्या होत्या. माझंच काम मला जुमानेना. सोबतीला कुणी नव्हतं, माझ्या हाताखाली शिकलेले सगळे सिमेंटच्या कामांवर गेलेत. जुमरिया खाली उभी राहून फळ्या हातात घ्यायची आणि भिंतीकडेला रचायची.  शेवटचा खांब निघाला तेव्हा तिथे नुसता उजेड होता. ती बराच वेळ तिकडे पाहत राहिली. म्हणाली, "एवढी मोठी होती खोली? मला लहान वाटायची."

पुढच्या शुक्रवारी तेहतीसच जण आले. मधल्या आठवड्यात आणखी काही खाणीकडे गेले होते. मला धाकधूक होती. पण आरोळी दिली आणि घर उचललं गेलं! लास्से पाठीला फडकं बांधून बाजूने चालत होता आणि सगळ्यांच्या बायकांची नावं घेऊन शिव्या घालत होता. कापलेल्या शेतातून नेलं, पाटाशी दोनदा टेकवलं, एकदा डावी बाजू घसरली. जुमरिया घराच्या पुढे चालत होती, मागे वळून न पाहता. अर्ध्या तासाचं काम, आम्हाला दोन तास लागले. नव्या दगडांवर खांब बसले तेव्हा माणसं गवतावर आडवीच झाली.

खाणं झालं, माणसं पांगली. मी अवजारं गोळा करत होतो.

"दाएंग, घाई आहे का?"

"नाही."

"मग बसा थोडं."

तिने कॉफी केली. नदीकडच्या त्या जागेला अजून पायवाट नव्हती. आम्ही आलो तेवढंच गवत दबलेलं होतं. पलीकडे कुणाचं घर नाही, कोंबडा नाही, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही पोचत नाही.

ती म्हणाली, "आधी मी या पुढच्या खणातून हाक मारली की मागच्या खणात ऐकू जायची. कुणी नसलं तरी मारायचे मी. उगीच. जेवायला या म्हणून." कपात बघत पुढे म्हणाली, "आता हाक मारायला घरच पुरत नाही."

 उतरवलेलं लाकूड कुठे ठेवायचं, ते मी विचारलं.

"तुम्ही घेऊन जा."

"चांगलं लाकूड आहे. तुला लागेल."

"कशाला?"

ते लाकूड मी नेलं. डोंगराखालच्या गावात एका नव्या जोडप्याला घर बांधून देत होतो, त्यात लावलं. कुठून आणलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

जुमरिया तावाऊला गेली नाही. बाहार दोन-तीनदा म्हणाला, मग म्हणेनासा झाला. हासनिदारचं घर पावसाळ्यानंतर उभं राहिलं, निळ्या रंगाचं. ते वर्षातून एकदा, ईदला उघडतं. जुमरिया आठवड्यातून एकदा विणलेला सरोंग घेऊन बाजाराला येते, वेरोकडे घोटभर पाणी पिते आणि ऊन उतरायच्या आत परत निघते. मी कधीमधी जिन्याच्या पायऱ्या बघायला म्हणून तिकडे जातो. पायऱ्या मजबूत आहेत, मीच ठोकल्यात. तीही तपासू देते, आणि चुलीवर कॉफीचं भांडं ठेवते.