शेपटीची गाठ

माझ्या नवऱ्याचा स्वभाव असा, की सावली पुढे पडली तर तो मागे वळून बघेल, सूर्य जागेवर आहे ना! दुकानात तराजूखाली हात घालून बघणारा, कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढणारा माणूस. त्यामुळे पावसाळ्यात जाळं हलकं येऊ लागलं, तेव्हा चोर शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. चोर घरातच होता. माझा धाकटा भाऊ.

भावाचा कारखाना बंद पडला आणि तो आमच्याकडे राहायला आला. बाहेरच्या खोलीत, जुन्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी त्याची खाट. मिळेल ते काम करायचा, मिळेल ते खायचा. पण नवऱ्याच्या लेखी गोड बोलणारा मेव्हणा म्हणजे काहीतरी पोटात ठेवणारा मेव्हणा.

आमचं जाळं पिशवीसारखं लांबट. नदीच्या वळणावर त्याचं तोंड दोन खांबांना बांधलेलं असतं आणि निमुळती शेपटी पाण्यात खाली वाहत राहते. रात्रभर मासे शेपटीत जमतात. सकाळी काठावरून दोर ओढायचा, शेपटी बाहेर घ्यायची, गाठ सोडून मासे टोपलीत ओतायचे. हा दोर मालकानेच ओढायचा, असा आमच्या काठाचा रिवाज आहे. दोर हातातून सुटला तर जागा सुटली, ज्याला हवी त्याने घ्यावी. आणि आपण होऊन दुसऱ्याच्या हातात दिला, तर जागा त्याची. म्हणून सकाळी बाकीचे जाळेवाले छत्र्या घेऊन बघायला उभे राहतात. कौतुकाने नव्हे, हे सांगायला नको.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पाणी गढूळ झालं की मासा काठाला येतो, जाळं फाटेल एवढं भरतं. नेमकं तेव्हाच आमचं जाळं अर्धमुर्धं येत होतं.

शेजारच्या जागेवरच्या म्हाताऱ्याला सगळे बगळा म्हणतात. एका पायावर भार देऊन तो तासन्‌तास आमच्या वळणाकडे बघत असतो. तो एकदा नवऱ्याला म्हणाला, "तुझा मेव्हणा भल्या पहाटे नदीवर दिसतो हं. मी आपलं सांगितलं. मला काय करायचंय!"

नवरा घरी आला तो धुमसतच.

"शेपटीची गाठ माझी नाही," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा घट्ट आहे."

"मग चोर तुमच्यापेक्षा मन लावून काम करतो म्हणायचं," मी म्हणाले.

तो हसला नाही. "त्याला मासे नकोत गं, जागा हवीय. आधी माझं जाळं हलकं करायचं, मग नाव हलकं करायचं, मग मला उठवायचं."

मी भावाची बाजू घेऊन भांडले. पण खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. उजाडायच्या आत भावाची पँट दोरीवर ओली वाळत असायची, चपलांना ताजा चिखल. मी त्याचे खिसे तपासले. माशाचं खवलंसुद्धा सापडलं नाही.

"कुठे गेला होतास?"

"पाय मोकळे करायला, ताई."

"एवढ्या पावसात?"

"पायांना काय कळतंय, पाऊस आहे ते!"

त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. तो चोर ठरला असता तर या घराचं दार त्याला कायमचं बंद. आणि माहेर म्हणून मला तेवढा एकच उरला होता.

एक गोष्ट मात्र घराबाहेर कोणालाही ठाऊक नव्हती. हिवाळ्यापासून नवऱ्याचा उजवा हात बधिर होत होता. बोटं मिटत नसत. सकाळी आतल्या खोलीचं दार लावून मी त्याच्या शर्टाची बटणं लावायची आणि तो भिंतीकडे बघत राहायचा. "कुठे बोललीस तर बघ," अशी ताकीद होती. मी कुठेही बोलले नाही. एक भाऊ सोडून.

मग एका संध्याकाळी नवऱ्याने तार आणि पक्कड काढली. मी छत्री धरली आणि त्याने डाव्या हाताने शेपटीच्या गाठीवर तारेचे वेढे दिले. "आता सोड म्हणावं," तो म्हणाला. रात्रभर पाऊस कोसळत होता.

पहाटे भाऊ बाहेर गेला आणि लगेच धापा टाकत परत आला. "ताई, शेपटीला तार कोणी लावली?"

मी त्याची वाट अडवली. "म्हणजे तूच!"

"ते नंतर. पक्कड कुठे आहे?"

"माझ्या खिशात," दारातून नवरा म्हणाला. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"दाजी, आज ओढू नका. पाणी फार चढलंय."

"का? आज तुझी सोय झाली नाही म्हणून?"

काठावर छत्र्या जमल्या होत्या. बगळा सगळ्यांत पुढे. नवऱ्याने दोर मनगटाला गुंडाळला. बोटांनी धरता येत नाही म्हणून तो तसं करतो, हे मला माहीत होतं. त्याने ओढलं. शेपटी मासे आणि फांद्यांनी गच्च भरली होती. ती हललीच नाही, उलट तिने त्याला गुडघ्यांवर पाडलं आणि चिखलातून पाण्याकडे नेऊ लागली. मनगटाचा वेढा सुटेना. बगळा एक पाऊल पुढे आला. मदतीला नव्हे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. भाऊ चोरत नव्हता. दाजींना झेपेल एवढंच ठेवून बाकीचं तो पहाटे नदीत सोडून देत होता. मासे घरी आणले असते, तर दोर त्याने ओढला असं झालं असतं आणि जागा गेली असती.

भावाने सुरी घेऊन पाण्यात उडी मारली आणि तारेच्या वर शेपटी उभी चिरली. मासे क्षणभर चमकले आणि गढूळ पाण्यात नाहीसे झाले. दोर सैल पडला. नवरा उठला आणि फाटकं, रिकामं जाळं त्याने एकट्याने काठावर ओढून घेतलं.

"बघ! सगळ्यांदेखत जाळं फाडलं," बगळा ओरडला. "तरी मी सांगत होतो!"

भाऊ छातीभर पाण्यात गप्प उभा होता. एक शब्द बोलला असता तर सुटला असता, पण मग नवऱ्याचा हात उघडा पडला असता. मला त्याचा एवढा अभिमान वाटला, आणि स्वतःचा तितकाच राग आला.

नवऱ्याने मनगटाचा वेढा डाव्या हाताने सोडवला. कातडी सोलून निघाली होती. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग पाण्यातल्या माझ्या भावाकडे.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पाऊस लागल्यापासून, दाजी."

"मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

मग त्याने दोर भावापुढे धरला. "धर."

"अरे, विचार कर," बगळा घाईने म्हणाला. "दिलास तर जागा त्याची!"

"रिवाज मला नको शिकवूस."

भाऊ बाहेर आला, पण दोराला हात लावेना. "दोर राहू द्या, दाजी. आधी पक्कड द्या."

"दोन्ही घे."

भाऊ फाटकी शेपटी दोराने आवळायला बसला. ओढाताणीत नवऱ्याच्या शर्टाची वरची बटणं सुटली होती. मी पुढे झाले. त्याने सवयीने नजर फिरवली, पण तिथे भिंत नव्हती, नुसती माणसं होती. मी सगळ्यांसमोर एकेक बटण लावलं. तो हलला नाही.

"गाठ नीट बांधतोय ना तो, बघ," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

"तुमच्यापेक्षा घट्ट," मी म्हणाले.